मॅप कुठे चुकला, हे कसं ओळखायचं?

सुट्टीच्या दिवशी नालासोपारा पश्चिमेहून कळंबच्या किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: "अरे, मॅप असा का दाखवतोय?" शोधताना 'कळंब' एवढंच टाकलं तर पनवेलजवळची कळंबोली समोर येऊ शकते. निर्मळच्या पुढे वाड्यांमधल्या एखाद्या गल्लीत मॅप असा घुसवतो की समोरून रिक्षा आली तर गाडी रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागते. भाईंदरला जायचं असेल तर एकदा घोडबंदरचा वळसा दिसतो, दुसऱ्यांदा वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून बोट. आणि सायकलवाले किंवा ट्रेकर जी स्वतंत्र जीपीएस यंत्रं वापरतात, ती तर कधी कधी मार्ग काढताना चूक झाल्याचं सांगून थांबतात. पुढे काहीच करत नाहीत.

या सगळ्याला लोक एकच नाव देतात, मॅप चुकला. पण 'चला' म्हटल्यापासून पहिलं वळण सांगेपर्यंत यंत्र चार निरनिराळी कामं करतं. तुम्ही कुठे आहात ते शोधतं, तुम्हाला कुठे जायचंय ते ठरवतं, मधल्या रस्त्यांची जोडणी तपासतं आणि शेवटी कोणता मार्ग परवडतो याचा हिशेब करतं. चारही कामं एकमेकांवर अवलंबून असली तरी त्यांच्या चुका वेगळ्या दिसतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

१. यंत्राला रस्ता दिसत नाही

पडद्यावर निळी रेघ रस्त्यावरून धावते, म्हणून यंत्राला रस्ता 'दिसतो' असं वाटतं. यंत्राकडे मात्र डांबर नसतं, खड्डा नसतो, पाटीही नसते. त्याच्याकडे असते बिंदू आणि रेषांची यादी. किनाऱ्यावर वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं डोळ्यांसमोर आणा. जाळ्याच्या गाठी म्हणजे नाके आणि तिठे, गाठींमधला दोरा म्हणजे रस्ता. प्रत्येक दोऱ्याला एक चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर लांबी, अंदाजे वेळ, एकेरी की दुहेरी, मोटारीला मुभा आहे की नाही, एवढं लिहिलेलं. मार्ग काढणं म्हणजे एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत दोऱ्यांवरून सर्वात कमी बेरजेत पोचणं.

ही बेरीज चटकन करायची रीत डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1956 मध्ये शोधली आणि 1959 मध्ये प्रसिद्ध केली. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी घेता घेता, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत ती सुचल्याचं त्यांनी पुढे सांगितलं होतं. आजच्या फोनमधली गणितं तिच्यापेक्षा खूप वेगवान झाली आहेत, पण मुळातला विचार तोच आहे. जिथून निघालो तिथपासून आतापर्यंतची बेरीज ज्या गाठीची सर्वात कमी, तिथून पुढे जायचं. तिच्या शेजाऱ्यांची बेरीज मांडायची, पुन्हा सर्वात कमी बेरजेची गाठ निवडायची. मुक्कामाची गाठ निवडीत आली की थांबायचं.

कळंबहून भाईंदरला जायचं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते. समजा कळंब ते वसई किल्ल्याची जेट्टी 40 मिनिटं, बोट 15 मिनिटं आणि उतरल्यावर 5 मिनिटं. बेरीज 60. दुसरा मार्ग कळंब, नालासोपारा, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल, काशीमिरा आणि भाईंदर असा. समजा त्याची बेरीज 90. यंत्र बोट निवडणार. आता बोटीच्या दोऱ्याच्या चिठ्ठीवर वाट पाहण्याची 35 मिनिटं चढवा. बोटीचा मार्ग 95 वर गेला आणि यंत्राने महामार्ग धरला. रस्ते तेच, बोट तीच, बदलली फक्त चिठ्ठी.

वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोटसेवा, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा आहे आणि पाण्यातून अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ज्या नकाशात हा पाण्यावरचा दोरा जोडलेलाच नाही, किंवा ज्याच्या सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' चालू आहे, तो नकाशा वळसाच दाखवणार. आणि ज्यात तो जोडलेला आहे पण वेळापत्रक नाही, तो रात्री उशिराही तुम्हाला जेट्टीवर नेऊन उभं करू शकतो. विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे सफाळ्याच्या बाजूला, जलसारला जाणारी रो-रो एप्रिल 2025 मध्ये सुरू झाली. तिथेही हाच घोळ संभवतो, फक्त फरक आणखी मोठा. रस्त्याने साठेक किलोमीटर, पाण्यातून दीड.

२. कळंब, पण कुठलं?

महाराष्ट्रात कळंब नावाची गावं बरीच आहेत. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यातही कळंब तालुका आहे. रायगडमध्ये कर्जत तालुक्यात कळंब, पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरजवळ कळंब, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला लागून कळंब. वसई तालुक्यातलं किनाऱ्यावरचं कळंब त्यांतलंच एक. शोधपेटीला ही सगळी नावं सारखीच वाटतात. ती तुमच्या जवळचं ठिकाण, जास्त शोधलं जाणारं ठिकाण आणि अक्षरांचं साम्य यांवरून अंदाज बांधते. रोमन लिपीत टाइप करताना चार-पाच अक्षरं झाली की कळंबोली वर येते ती म्हणूनच.

पत्त्यांमध्ये आणखी एक अडचण लपलेली आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या बिलांवर, लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अजून 'ता. वसई, जि. ठाणे' वाचायला मिळतं. असा पत्ता जसाच्या तसा टाकला की काही नकाशे गोंधळतात आणि गावाऐवजी जिल्ह्याच्या मध्यावर कुठेतरी पिन टाकतात.

इथला उपाय सोपा आहे. मार्ग सुरू करण्याआधी पिन कुठे पडली ते बोटांनी मोठं करून पाहायचं. आजूबाजूला निर्मळ, भुईगाव, राजोडी ही नावं दिसली तर गाव बरोबर. त्याहून खात्रीचं म्हणजे जिथे जायचं तिथल्या माणसाकडून लोकेशन मागवायचं. त्यात नाव नसतं, अक्षांश-रेखांश असतात, आणि दोन कळंब एकाच अक्षांश-रेखांशावर असू शकत नाहीत.

पिन बरोबर असूनही मार्ग चुकीच्या बाजूला संपतो, असंही होतं. पिन जमिनीवर पडते, पण यंत्राला गाडी न्यायची असते रस्त्यावरून. म्हणून ते पिनेपासून जवळातला जवळ रस्ता शोधून तिथे मार्ग संपवतं. अर्नाळा किल्ल्याचं उदाहरण बघा. किल्ला बेटावर आहे, तिथे वस्ती आहे आणि जायला बोट लागते. वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटाचंही तसंच. वरून रेल्वेचे पूल जातात, पण मोटार जाईल असा पूल नाही. अशा ठिकाणची पिन टाकल्यावर सर्वात जवळचा रस्ता खाडीच्या भलत्याच काठावरचा निघू शकतो. तिथे जेट्टीचीच पिन टाकावी आणि उरलेलं पाण्याच्या रस्त्याचं गणित नावाड्यावर सोपवावं.

३. पुलावर की पुलाखाली?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि पूर्ण रचनेला किमान 24 उपग्रह लागतात. फोन त्यांच्याकडून येणारे वेळेचे संकेत ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की जागा ठरते. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता पाचेक मीटरची धरतात. उंच इमारतींच्या मधे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ती आणखी ढळते. कळंबच्या मोकळ्या किनाऱ्यावर फोन नेमकी जागा दाखवतो, पण नालासोपारा स्टेशनजवळच्या दाटीत निळा ठिपका गल्ली बदलत राहतो, त्यामागचं कारण हेच.

पाच मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण महामार्ग आणि त्याला लागूनचा सर्व्हिस रोड यांच्यातलं अंतर बऱ्याचदा त्याहून फार जास्त नसतं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता तर वरून पाहिलं तर एकाच जागी असतात. यंत्र मागच्या काही सेकंदांतली दिशा आणि वेग पाहून तुम्ही वर आहात की खाली याचा अंदाज करतं. फाटा चुकला आणि यंत्राला ते उशिरा कळलं, तर पुढची प्रत्येक सूचना चुकीच्या रस्त्यासाठीची असते.

जुलै 2025 मध्ये बेलापूरला एका महिलेची गाडी रात्री खाडीत गेली. पुलावर चढण्याऐवजी गाडी पुलाखालून जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली होती आणि मॅप तोच रस्ता दाखवत होता, असं बातम्यांत आलं. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं. त्याच्या वर्षभर आधी, जुलै 2024 मध्ये, गुगल मॅप्सने भारतातल्या 40 शहरांत उड्डाणपुलाची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं होतं. सूचना उपयोगी आहेच. तरी अनोळखी फाट्यावर, त्यातून रात्री, पडद्यावरची रेघ पुलाची आहे की खालच्या रस्त्याची हे डोळ्यांनी तपासावं लागतं. गाडी बाजूला घेऊन अर्धं मिनिट थांबायला काही जात नाही.

४. सुटलेली गाठ

आता सर्वात महत्त्वाच्या आणि सर्वात कमी माहिती असलेल्या चुकीकडे येऊ. पडद्यावर दोन रस्ते एकमेकांना मिळालेले स्पष्ट दिसतात. तरी यंत्र त्या नाक्यावर वळत नाही, किलोमीटरभर पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावतं. माणसाला ही शुद्ध वेडेपणाची सूचना वाटते. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर ती अगदी तर्कशुद्ध असते.

नकाशा काढणाऱ्याने वाडीतली गल्ली मुख्य रस्त्यापर्यंत ओढत आणली आणि हात अर्धा मीटर अलीकडे थांबला. पडद्यावर रेषा जाड असल्यामुळे त्या चिकटलेल्या दिसतात. यादीत मात्र दोन्ही रस्त्यांचा सामाईक बिंदू नाही, म्हणजे गाठ बसलेलीच नाही. जिथे गाठ नाही तिथे वळता येत नाही. गल्लीला दुसरीकडून वाट असेल तर यंत्र तिकडून फिरवून आणतं. दुसरी वाट नसेल तर ती गल्ली सगळ्या जगापासून तुटलेली असते आणि यंत्र मार्ग निघत नाही असं सांगतं.

उलट चूकही होते. महामार्गाच्या पुलाखालून गावचा रस्ता जातो. नकाशात दोन रेषा जिथे एकमेकींवरून जातात तिथे कुणी चुकून गाठ मारली, तर यंत्राच्या लेखी तिथे चौक तयार होतो आणि ते पुलावरून थेट खाली वळायला सांगतं.

तिसरा प्रकार एकेरीचा. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना संपादनासाठी खुल्या, 2004 मध्ये सुरू झालेल्या नकाशात एकेरी रस्त्याची दिशा रेषा ज्या क्रमाने काढली तीच धरली जाते. रेषा उलट्या टोकाकडून काढून 'एकेरी' अशी खूण केली की वाहतूक उलटी होते. चौथा प्रकार मज्जावाचा. एखाद्या सोसायटीच्या फाटकाची नोंद 'खासगी' म्हणून झाली आणि ते फाटक चुकून सार्वजनिक रस्त्याच्या रेषेवर बसलं, तर मोटारींना पुढचा सगळा रस्ता बंद.

यातली नेमकी कोणती चूक आहे हे घरबसल्या ठरवता येतं. त्याच दोन ठिकाणांमधला मार्ग आधी मोटारीने काढा, मग पायी. पायी निघाला आणि मोटारीने नाही, तर गाठ शाबूत आहे. फाटक, एकेरी किंवा मज्जाव यांपैकी काहीतरी आडवं आलंय. मग सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल करून पाहा. उलट दिशेने मार्ग सरळ निघाला तर एकेरीची खूण तपासा. पायीही निघाला नाही तर गाठ सुटल्याची शक्यता मोठी.

चूक लांबच्या प्रवासात कुठेतरी मधेच असेल तर निम्मं-निम्मं करत जावं. समजा कळंबपासून मुक्कामापर्यंत 64 नाके आहेत. मधला नाका घ्या आणि तिथपर्यंतचा मार्ग काढून पाहा. तो नीट निघाला तर चूक उरलेल्या 32 मध्ये. मग त्याच्या मधला नाका. 64, 32, 16, 8, 4, 2, 1. सहा वेळा निम्मं केलं की बोट नेमक्या नाक्यावर पडतं.

शेवटची पडताळणी दुसऱ्या गणिताकडून करून घ्यावी. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर एकाच नकाशावर चालणारी वेगवेगळी मार्गगणितं निवडता येतात. सगळ्यांनी तोच वेडावाकडा वळसा दाखवला तर दोष नकाशात आहे. एकानेच दाखवला तर त्या गणितात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये.

५. यंत्र गप्प बसतं तेव्हा

सायकलच्या हँडलला लावायचं किंवा ट्रेकला न्यायचं गार्मिनसारखं यंत्र नेटशिवाय चालतं. नकाशा त्याच्याच कार्डावर असतो आणि हिशेबही तेच करतं. त्यामुळे त्याच्या चुकांची कारणंही त्याच्यातच असतात.

एक नेहमीचं कारण म्हणजे एकावर एक चढवलेले दोन नकाशे. कुणी फुकट मिळणारा रस्त्यांचा नकाशा टाकतो, मग सह्याद्रीतल्या चढ-उतारांसाठी समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, दुसरा नकाशा टाकतो. दुसऱ्यात मार्ग काढण्याची माहितीच नसते. दोन्ही चालू असले की यंत्र वरच्या नकाशावर मार्ग शोधू पाहतं आणि अडतं. नकाशांच्या यादीत जाऊन रस्त्यांचा एकच नकाशा चालू ठेवावा, बाकीचे बंद करावेत. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

दुसरं कारण प्रवासाचा प्रकार. यंत्र 'सरळ रेषा' किंवा 'ऑफ रोड'वर असेल तर ते रस्ते न पाहता कळंबपासून मुक्कामापर्यंत एकच रेघ ओढतं, मग ती खाडीतून जावो की मिठागरातून. 'कच्चे रस्ते टाळा' चालू असेल आणि गावाचा शेवटचा तुकडा नकाशात कच्चा नोंदलेला असेल, तर मुक्काम दोन पावलांवर दिसत असतानाही मार्ग निघत नाही. फोनवरही हाच नियम. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला तेव्हापासून त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाल्याने मोटारीचा पर्याय ठेवून मार्ग काढला तर मॅप त्याला सेतूच्या तोंडाशी नेईल आणि चूक मॅपची नसेल.

तिसरं कारण लांबी. लहान यंत्राची स्मृती मर्यादित असते. कळंबहून गोव्याचा मार्ग एका दमात निघत नसेल तर महाड, चिपळूण, कणकवली असे थांबे घालून तुकडे पाडावेत. एकच तुकडा अडत असेल तर चूक त्या तुकड्यात आहे, म्हणजे शोधायची जागा आपोआप आखूड झाली.

६. नकाशा बरोबर, रस्ता चुकीचा

काही चुका रेषांमध्ये सापडत नाहीत, कारण नकाशा काढला त्या दिवशी तो बरोबर होता. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्यात गेली. दोघे बाहेर पडू शकले, एकाचा जीव गेला. मॅपने दाखवलेल्या मार्गावर पूल होता. पण पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढलं की तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली जातो. तिथल्या गावकऱ्यांना हे तोंडपाठ आहे. पुलाच्या दोऱ्यावरच्या चिठ्ठीत ते कुणी लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळली आणि तिघे दगावले. पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता.

या दोन्ही ठिकाणी फोनवरचं सेटिंग बदलून काही साधलं नसतं. रस्त्यावर आडवं बॅरिकेड हवं होतं, पाटी हवी होती, आणि नकाशात 'बंद' अशी नोंद हवी होती. पहिल्या दोन गोष्टी प्रशासनाच्या आहेत आणि त्यांचा आग्रह धरायलाच हवा. तिसरी मात्र कुणालाही करता येते, आणि ती स्थानिक माणसानेच करणं रास्त आहे, कारण भरतीला कोणता रस्ता बुडतो, पावसाळ्यात कोणत्या मोरीवरून पाणी जातं हे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही.

गुगल मॅप्समध्ये रस्त्याची चूक कळवायची सोय आहे. कंपनी ती तपासून मग बदल करते. मॅपल्स या भारतीय नकाशातही तक्रार नोंदवता येते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खातं उघडून रेषा स्वतः दुरुस्त करता येते किंवा संपादन जमत नसेल तर त्या जागी टीप टाकता येते. 'इथला रस्ता चुकीचा आहे' एवढीच टीप कामाची नसते, कारण ती वाचणारा कदाचित कधी वसईला आलेलाच नसतो. कोणत्या नाक्यापासून कोणत्या नाक्यापर्यंत, कोणत्या दिशेने, कोणत्या वाहनाला आणि कधीपासून, एवढं लिहावं. 'निर्मळ तलावाकडून किनाऱ्याकडे जाताना या गल्लीत चारचाकी वळत नाही, रुंदी दोन मीटरपेक्षा कमी, दुचाकी जाते' अशी टीप वाचली की जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही ती दुरुस्त करू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर एक पायरी उरते. ओपनस्ट्रीटमॅपवर बदल थोड्याच वेळात दिसतो, पण तिथलं मार्गगणित नवी माहिती उचलायला आणखी वेळ घेतं. आणि कार्डावर उतरवून घेतलेला नकाशा आपोआप बदलत नाही. गार्मिनवर किंवा फोनमध्ये ऑफलाइन नकाशा वापरणाऱ्याने नवी प्रत उतरवून घ्यावी आणि मग त्याच दोन नाक्यांमधला मार्ग मोटारीने, पायी आणि उलट दिशेने पुन्हा एकदा काढून पाहावा.